आधी यादी, मग वादी

त्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही उभयता वरवे बुद्रुकला पोचलो. पुणे-सातारा रस्त्याने खेड-शिवापूर मागे टाकले, की भोर तालुक्यातले हे गाव येते. वरवे नावाची गावे दोन : एक बुद्रुक, दुसरे खुर्द. फारसीतल्या 'बुजुर्ग'चे आपल्या लोकांनी बुद्रुक केले, म्हणजे थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. आमच्या घरातही त्या दिवशी एक बुद्रुक आणि एक खुर्द समोरासमोर बसले होते, आणि दोघांच्या मधोमध होती एक विहीर.

विहीर माझ्या चुलत्यांची, तात्यांची. तात्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी शेती पाहिली आणि आदल्या वर्षी ते गेले. त्यांना मुलगे दोन. रान वाटले गेले होते, पण विहीर एकच आणि तिच्यावरची मोटारही एकच. आठवड्याच्या सात दिवसांपैकी कोणी किती दिवस दारे धरायची, हे तात्यांनीच ठरवून दिलेले. ते असेपर्यंत शब्द निघाला नाही. ते गेल्यावर मात्र थोरला म्हणू लागला, "चार दिवस माझे, तीन धाकट्याचे." धाकटा म्हणे, "समसमान! तात्यांनी मला स्वतः सांगितलंय." थोरल्याजवळ तात्यांनी छापून दिलेला कागद होता. धाकट्याजवळ नुसता शब्द होता. आणि गहू-हरभरा पेरायचे दिवस तोंडावर आलेले.

आमच्या वडिलांनी आपला वाटा फार पूर्वीच तात्यांना देऊन टाकला होता, म्हणून मी त्या घरात आपला असूनही तिऱ्हाईत. असल्या माणसाला पंच नेमण्याची पद्धत आहे. चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच माझ्यापुढे तो कागद आला. तात्यांच्या स्वच्छ मराठीत लिहिले होते : थोरला चार दिवस, धाकटा तीन दिवस. खाली तारीख नाही, सही नाही.

"हे तात्यांनी काँप्युटरवर केलेलं," थोरला म्हणाला. "त्यात असणारच."

"असणारच ना! मग माझंही त्यातच असेल," धाकटा म्हणाला. "पण तो उघडतोय कुठं?"

काळी पाटी

तात्यांचा काँप्युटर त्यांच्या जुन्या टेबलावर क्रोशाच्या झाकणाखाली झोपला होता. थोरल्याची मुलगी पुण्यात काँप्युटरचेच शिकते. तिने काही वर्षांपूर्वी त्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले होते. बटण दाबले, की अक्षरे भराभर सरकत, मग पडदा काळा होई आणि तसाच राही. एका दुरुस्तीवाल्याने पाहून निदान सांगितले होते, "सगळं पुसून नवं भरावं लागेल." पुसायचे म्हणजे तात्यांचे सगळेच पुसायचे! वहिनींनी त्याला चहा पाजून वाटेला लावले, हे फार चांगले केले.

पुतणीला फोन लावला. तिचा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी होता; तो आटोपून ती येणार होती. पण तिचा बाप आणि चुलता रात्रभर एकमेकांकडे पाहत बसणार, हे ओळखून ती म्हणाली, "काका, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन, तिन्ही एकदम दाबा."

दाबले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारले गेले. नाव दिले. मग परवलीचा शब्द. तो पुतणीनेच ठेवलेला, म्हणून तिला ठाऊक होता. मी टाइप करू लागलो, तर पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटेना. "कळफलक बिघडला बहुतेक," मी म्हणालो. "बिघडला नाही. मागून कोणी बघू नये म्हणून तो तसाच करतो. टाइप करा आणि एंटर दाबा," ती म्हणाली. आणि खरेच, यंत्राने आम्हांला आत घेतले. एक चिन्ह आले आणि त्यापुढे एक रेघ लुकलुकू लागली. बस्स, बाकी काही नाही.

ही काळी पाटी पाहून भल्याभल्यांची छाती दडपते. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, उंदराला काम नाही. माझी मात्र जुनी ओळख निघाली. 1990 च्या सुमारास आमच्या बँकेच्या शाखेत युनिक्सवर चालणारे एक यंत्र आले होते, आणि चार दिवसांच्या प्रशिक्षणात मला जे काही कळले त्यातली दोन अक्षरे तीस वर्षांनी बोटांत शिल्लक होती. मी ती टाइप केली : 'एलएस'.

आणि पाटी बोलली! तात्यांच्या घरातल्या साऱ्या खोल्यांची नावे ओळीने पडद्यावर आली.

दोन अक्षरांची कुळकथा

'एलएस' म्हणजे 'लिस्ट', यादी. यंत्राला विचारायचे, "बाबा रे, इथे काय काय आहे?" आणि त्याने सांगायचे. एवढाच हा हुकूम. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स ही प्रणाली घडवली. तिची पहिली पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 या तारखेची आहे, आणि तिच्यात हा हुकूम आहे. त्याआधीच्या मल्टिक्स नावाच्या प्रणालीत 'लिस्ट' हा पूर्ण शब्द होता. त्याची दोनच अक्षरे उरली, यामागे आळस नव्हता, सोय होती. त्या काळी पडदे दुर्मीळ. टेलिटाइप नावाचे खडखडाट करणारे यंत्र कागदावर छापायचे, तेही सेकंदाला दहा अक्षरे या बेताने. कळाही बोटांना जड. अशा यंत्रापुढे दिवसभर बसणारा माणूस तारेतल्या मजकुरासारखा शब्द वाचवणारच. म्हणून यादीला 'एलएस', नक्कल करायला 'सीपी', हलवायला 'एमव्ही', आणि पुसून टाकायला 'आरएम'. या शेवटच्यापासून सांभाळून राहावे. तो विचारीत नाही, 'नक्की का?' म्हणून.

1981 साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये हेच काम 'डीआयआर' करी, आणि विंडोजच्या काळ्या खिडकीत आजही करते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणजे 'एलएस'चे गोत्र घरोघर पोचलेले आहे, फक्त भेट होत नाही.

खरे पाहता, यादीचे महत्त्व आपल्या मुलखाला परक्याने शिकवावे असे नाही. भोर हे संस्थान कोणाचे? पंतसचिवांचे. आणि शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव, म्हणजेच सुरनीस, याचे काम काय? कागदपत्र आणि हिशेब तपासून पाहणे. पुण्यातले पेशवे दप्तर घ्या. हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात निघाले. पण निवडायचे म्हणजे आधी रुमाल सोडून आत काय आहे ते पाहणे आलेच. काँप्युटरातली 'डिरेक्टरी' म्हणजे हा रुमाल, आणि 'फाईल' म्हणजे त्यातला कागद. रुमालात रुमाल बांधता येतो, एवढाच काय तो फरक. आणि नावांचा नियमही गावासारखाच. एका रुमालात एका नावाचा कागद एकच. तेच नाव दुसऱ्या रुमालात खुशाल असावे. एकाच तालुक्यात दोन वरवे म्हटल्यावर मात्र बुद्रुक-खुर्द करावेच लागते.

चौकटी मोजण्याचा उद्योग

पुतणीने सांगितल्याप्रमाणे आम्ही 'डॉक्युमेंट्स' नावाच्या खोलीत शिरलो आणि पुन्हा 'एलएस' केले. पडद्यावर काय यावे? चौकटीच चौकटी! तात्यांनी सारी नावे मराठीत दिलेली, आणि ही काळी पाटी देवनागरी जाणत नाही. तिच्याजवळ अक्षरांचे खिळे मोजके. ज्याचा खिळा नाही, त्याच्या जागी चौकट उठते.

"झालं!" धाकट्याने कपाळाला हात लावला. "तात्यांनी मराठीचा अभिमान धरला आणि आपण बुडालो."

"अहो, कोणी बुडालं नाही," फोनमधून पुतणी म्हणाली. "नावं शाबूत आहेत, फक्त दिसत नाहीत. कागदावर लिहा, 'पाळी' या शब्दात किती खुणा आहेत?"

मी लिहिले. प, काना, ळ, दुसरी वेलांटी. काँप्युटरच्या लेखी काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे आहेत. प्रत्येकीला आपली चौकट. म्हणजे 'पाळी'च्या चौकटी चार. (जाता जाता सांगतो, युनिकोडच्या नेहमीच्या बांधणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा खाते, आणि लिनक्सवर फायलीच्या नावाला मर्यादा साधारणपणे 255 बाइटांची. म्हणजे इंग्रजीला 255 अक्षरांचे अंगण असेल, तिथे मराठीला 85 चिन्हांची ओसरी! तरी ती पुष्कळ झाली.)

मग आम्ही तिघे प्रौढ पुरुष पडद्याला नाक लावून चौकटी मोजू लागलो. वहिनी आणि आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून पाहून हसत होत्या. शब्दकोडे सोडवण्याचाच प्रकार. चार चौकटींची नावे दोन निघाली. एकीवर धाकट्याने झडप घातली, तेवढ्यात थोरला म्हणाला, "ही 'शाळा' असंल. शाळेलाही चारच."

त्याचे बरोबर होते. आता यादीनेच आणखी काही सांगायला हवे होते. पुतणी म्हणाली, "एलएस, मग जागा सोडा, एक छोटी आडवी रेघ, आणि एल."

या एका 'एल'ने यादी लांबरुंद होते. प्रत्येक नावाची स्वतंत्र ओळ येते आणि ओळीत सारी कुंडली. अगदी पहिले अक्षर 'डी' असेल तर तो रुमाल, नुसती रेघ असेल तर कागद. पुढे नऊ खुणा, तीन-तीनच्या तीन गटांत : मालकाला काय करता येते, त्याच्या गटाला काय, आणि बाकीच्या जगाला काय. वाचता येते, लिहिता येते, की चालवता येते. मालक, भाऊबंद आणि गाव, असे म्हणा हवे तर! मग मालकाचे नाव, आकार बाइटांत, शेवटचा बदल केल्याची तारीख, आणि सर्वांत शेवटी नाव.

चार चौकटींपैकी एकीच्या आरंभी 'डी' होता. ती 'शाळा', मास्तरांचा जुना रुमाल. दुसरीला रेघ. ती 'पाळी'. आणि तिच्याच खाली आणखी एक नाव : चार चौकटी, खालच्या अंगाला एक रेघ, आणि पुढे तीन चौकटी.

"पाळी, रेघ, न, व, वेलांटी," थोरला बोटे मोजीत म्हणाला आणि एकदम ताठ झाला. "पाळी नवी! माझ्या कागदाच्या डोक्यावर हेच होतं, 'नवी पाळी'. नवी ती माझी. जुनी कोणतीही असो."

धाकट्याचा चेहरा उतरला. न्याय झाल्यासारखाच होता. मीही चष्मा काढणार होतो, इतक्यात आकड्यांवर नजर गेली. चौकटींना आम्ही वाचू शकत नव्हतो, पण आकडे स्वच्छ दिसत होते.

'पाळी_नवी'पुढे तारीख होती 12 नोव्हेंबर 2017.

'पाळी'पुढे होती 3 मार्च 2021.

तारखेची साक्ष

नवी होती ती जुनी होती, आणि जुनी होती तीच नवी! तात्यांनी 2017 साली 'नवी' म्हणून एक प्रत केली. पुढे काही बदलावेसे वाटले, तेव्हा ते पहिल्याच प्रतीत बदलले. नाव देणाऱ्याच्या मनात त्या दिवशी जे होते तेवढेच नाव सांगते. पुण्याची नवी पेठ पाहा, नवा पूल पाहा. आपल्या आजोबांच्या वेळचे नवेपण ते अजून मिरवीत आहेत.

"आत्ता उघडतो आणि बघतो काय लिहिलंय ते," थोरला पुढे सरसावला.

"बाबा, हात लावू नका!" फोन इतक्या जोरात ओरडला की वहिनी बाहेर आल्या. "उघडून चुकून जतन केलंत, तर तारीख आजची होईल. मग काही कळणार नाही. शिवाय मजकूरही मराठीत आहे, म्हणजे त्या पाटीवर चौकटीच दिसतील. मी उद्या येते."

'एलएस'चा मोठेपणा मला तेव्हा पटला. तो पाहतो, पण कागदाला हात लावत नाही. दहा वेळा यादी मागा, फायलींतले एक अक्षर हलत नाही. घरात वाटणीची बोलणी चालू असताना असा एक तरी माणूस हवा, जो कपाट उघडून फक्त काय आहे ते सांगेल.

धाकट्याने मात्र एक शंका काढली. ती त्याच्या विरुद्ध जाणारी होती, म्हणून मला जास्तच आवडली. "पण काका, काँप्युटरचं घड्याळच चुकीचं असलं तर? जुन्या यंत्राचा सेल गेला, की तारीख कुठंतरी भलतीकडे जाते ना?"

शंका रास्त होती. यंत्राची तारीख म्हणजे यंत्राच्या घड्याळाचा शब्द. घड्याळ चुकले तर साक्षही चुकली. शिवाय फाईल साधी नक्कल करून दुसरीकडे नेली, तर नकलेवर नकलेच्या दिवसाचीच तारीख पडते. एवढ्यावर निकाल द्यावा असा पुरावा हा नव्हे. दुसरा साक्षीदार हवा होता.

तो दिला वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्याच बायकोने. तात्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवायची सवय. दूध, वीजबिल, गाय कधी फळली, सारे तारखेच्या चौकोनात. जुनी कॅलेंडरे फेकायची नाहीत, एकाच खिळ्याला मागे मागे टांगायची. वहिनी काही न बोलता आत गेल्या, वर्षे उलटीत 2021 चे कॅलेंडर त्यांनी काढले आणि मार्चचे पान माझ्यापुढे धरले. तीन तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीने बारीक अक्षर होते : 'पाणीपाळी दुरुस्त केली. धाकट्यास सांगितले. थोरल्यास सांगणे.'

कोणी काही बोलले नाही. बाहेर पोरे फुलबाज्या लावीत होती. 'सांगितले' आणि 'सांगणे' या दोन शब्दांत तात्यांचे उरलेले आयुष्य गेले होते. थोरल्याला दुखवायला नको, आज सांगू, उद्या सांगू, म्हणता म्हणता राहून गेले.

रात्री आम्ही जेवलो खरे, पण भाकरी मोजून खाल्ल्यासारखी. पाळीत लिहिले काय होते, हे अजून कोणीच पाहिले नव्हते.

धनत्रयोदशी

पुतणी दुपारच्या एसटीने आली. दप्तर खाली ठेवायच्या आधी तिने रोगाचे मूळ काढले. आकाराप्रमाणे यादी मागितली, सर्वांत मोठे ते वर. माथ्यावर बसले होते उन्हाळ्यातल्या लग्नाचे चित्रीकरण, तेही दोनदा भरलेले! तबकडीत तिळाएवढी जागा उरली नव्हती, म्हणून चित्रांचा पडदा उठतच नव्हता. दुखणे एवढेच, आणि त्यासाठी सगळे पुसायला निघाले होते.

मग तिने तारखा जशाच्या तशा ठेवणारी नक्कल काठीवर घेतली, आपल्या लॅपटॉपला लावली, आणि चौकटींची अक्षरे झाली. 'पाळी', 'पाळी_नवी', 'शाळा', 'दूध', 'वीज'. तिने बिंदूने सुरू होणारी नावेही दाखवली, जी 'एलएस' आपणहून सांगत नाही. 'ए' जोडून विचारले तरच सांगतो. त्याचा इतिहास मजेदार आहे. युनिक्सच्या जुन्या घडवणाऱ्यांपैकी रॉब पाइक यांनी सांगितले आहे, की प्रत्येक डिरेक्टरीत 'हीच जागा' आणि 'वरची जागा' अशा अर्थाच्या एक बिंदू आणि दोन बिंदू या दोन नोंदी असतात. त्या यादीतून गाळायच्या म्हणून कोणीतरी नुसते पहिले अक्षर बिंदू आहे का एवढेच तपासले, आणि बिंदूने सुरू होणारे प्रत्येक नावच लपू लागले. चूक झाली, तिची रीत पडली. आपल्याकडे नाही का पडत!

'पाळी' उघडली. पुतणीने मोठ्याने वाचले :

'धाकटा गावी परत आला आहे. त्याचे आता यावरच आहे. तरी एका आठवड्यास थोरल्याने चार दिवस घ्यावे व धाकट्याने तीन. पुढच्या आठवड्यास धाकट्याने चार व थोरल्याने तीन. मोटारीचा खर्च निम्मा निम्मा. भांडू नये.'

थोरला बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अक्षर त्यांचं नाही, पण 'भांडू नये' हे त्यांचंच." आणि उठून अंगणात गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "या आठवड्यात पहिली पाळी तुझी लाव रे. मी पुढच्यात घेईन."

पंच म्हणून माझे काम संपले होते. निकाल मी दिलाच नव्हता. मी फक्त यादी मागितली होती.

पण त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करू लागलो, आणि वाचकांनीही कराव्यात असे सुचवतो. पहिली : फायलीला 'नवी', 'अगदी नवी', 'शेवटची', 'शेवटची खरी' असली नावे देऊ नयेत. नावातच तारीख घालावी, आणि ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. म्हणजे नावांप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखांप्रमाणे लागते. दुसरी : कोणतेही यंत्र, कपाट किंवा संसार 'सगळं पुसून नवं करू' असे कोणी म्हणाले, की आधी यादी मागावी. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय काहीच पुसू नये. आणि 'सांगणे' म्हणून लिहून ठेवलेले असेल, ते वेळेवर सांगून टाकावे. हे मात्र कोणतेही यंत्र आपल्यासाठी करीत नाही.

निघताना पुतणी 'पाळी_नवी'चे नाव बदलून 'पाळी_2017-11-12' करीत होती. मी घाबरून विचारले, "अगं, तारीख बदलेल ना?"

"नाही काका," ती म्हणाली. "नुसतं नाव बदललं तर आतल्या मजकुराची तारीख तीच राहते."

मागच्या रानात मोटार सुरू झाल्याचा आवाज येत होता. पाट वाहू लागला होता. त्या आठवड्याचा तो पहिला दिवस, आणि पाळी धाकट्याची होती.